चादरीची दुसरी दोन टोकं

वसुधावहिनींचा फोन आला तेव्हा सकाळचे सव्वाअकरा झाले होते आणि मी धायरीतल्या माझ्या खोलीत एका गृहप्रकल्पाची जाहिरात कट करत बसलो होतो. पडद्यावर एक सुखी कुटुंब बाल्कनीत हसत होतं. "शिरीषभाऊजी, हे गेले हो… चहासुद्धा अर्धाच घेतला होता," एवढंच त्या बोलल्या. मी "येतो" म्हणालो, फोन ठेवला, आधी फाइल सेव्ह केली आणि मग उठलो. चाळीस वर्षं संकलन केलेल्या माणसाचा हात असाच वागतो, त्याला दुसरं काही येत नाही. सिंहगड रस्त्यावरच्या गर्दीत रिक्षा अडकली तेव्हा मला त्या हाताचा भयंकर राग आला. जवळचा मित्र गेल्याची बातमी ऐकून ज्याला आधी फाइल आठवते, त्याच्यावर माणसांच्या आयुष्याची किती उलटसुलट कापाकापी सोपवली गेली, हा विचार तेव्हा पहिल्यांदा स्पष्ट शब्दांत मनात आला. कसब्यात पोचलो तेव्हा कप तसाच टेबलावर होता आणि दिनकर आतल्या खोलीत होता.

दिनकर करडे हा माहितीपट करणारा दिग्दर्शक होता आणि मी त्याच्या बहुतेक सगळ्या चित्रपटांचा संकलक. गेल्या काही आठवड्यांत त्याच्याविषयी बरंच छापून आलं. 'माणुसकीचा दिग्दर्शक' असंही कोणीतरी लिहिलं; दिनकरनं ते वाचलं असतं तर वर्तमानपत्र उलटं घालून त्यावर शेंगा सोलल्या असत्या. प्रत्येक लेखाच्या शेवटी मात्र एक ओळ असतेच… ड्रोनच्या युद्धावरचा त्याचा शेवटचा चित्रपट अपुरा राहिला. शोकसभेत त्यातला काही भाग दाखवावा, असा आग्रह तीन-चार ठिकाणांहून झाला. मी नाही म्हणालो. कारण सांगितलं नाही, त्यामुळे मी त्या चित्रपटावर नाग होऊन बसलोय असा समज पसरला आहे. तो अपुरा राहिलेला नाही, दिनकरनं तो थांबवला. त्यानं तो का थांबवला हे काही जणांना ठाऊक आहे. पण ज्या चुकीमुळे थांबवावा लागला ती चूक त्याची नव्हती, माझी होती, हे त्याला शेवटपर्यंत कळलं नाही. मी त्याला सांगितलं नाही. आता सांगायला तो नाही, म्हणून हा लेख.

दिनकरचं घराणं तांबट आळीतलं. लहानपणापासून कानावर हातोड्याचा आवाज, त्यामुळे तो नेहमी जरा मोठ्यानं बोलायचा. त्यानं पहिला चित्रपट केला तो आपल्याच आळीवर, वडिलांच्या मठारकामावर. तयार झालेलं तांब्याचं भांडं हातोडीनं ठोकून ठोकून त्यावर एकसारख्या खुणा उमटवायच्या, ते काम. आम्ही दोघंही तेव्हा पंचविशीच्या आतले. मी मोठ्या हुशारीनं ते ठोके भराभर जोडले, संगीताच्या तालावर. दिनकर म्हणाला, आधी आळीला दाखवू. घरातली एक पांढरी चादर त्यानं समोरच्या भिंतीवर बांधली, कोणाकडून तरी प्रोजेक्टर आणला आणि सगळी आळी पाटांवर, पायऱ्यांवर, बादल्या उलट्या घालून बसली. चित्रपट संपल्यावर चादर काढताना त्यानं वडिलांना हाक मारली, "आण्णा, धरा हो ती दोन टोकं." घडी घालताना दोन माणसं एकमेकांकडे चालत येतात, तसे ते दोघं समोरासमोर आले आणि आण्णा हळूच म्हणाले, "हात माझे आहेत रे, पण घाई तुमची आहे." मी शेजारीच उभा होतो. दुसऱ्या दिवशी सगळा चित्रपट पुन्हा कापला.

तेव्हापासून हा त्याचा नेम झाला. आम्ही त्याला नुसतं 'दाखवणं' म्हणायचो. ज्यांचं चित्रण केलं त्यांच्या अंगणात, त्यांच्या शेजाऱ्यापाजाऱ्यांसकट, आधी त्यांना दाखवायचं, मग जगाला. चादर तीच. तिच्या एका कोपऱ्यात हळदीचा डाग पडला होता, तो डाग नेहमी खाली डावीकडे येईल अशी ती बांधायची. आणि शेवटी घरच्या मालकाला दुसरी दोन टोकं धरायला लावायची. तो म्हणायचा, "समोर खुर्चीत बसलेला माणूस छान छान म्हणतो. घडी घालताना जवळ आला की खरं बोलतो." गमतीनं म्हणायचा, पण त्यावर त्याचा ठाम विश्वास होता. घडी घालताना ऐकलेल्या एकेका वाक्यापायी माझी आठवड्या-आठवड्याची मेहनत त्यानं फेकून दिलेली आहे. मी चिडायचो, दोन दिवस त्याचा फोन घ्यायचो नाही, आणि तिसऱ्या दिवशी तो जिलेबीचा पुडा घेऊन धायरीला हजर व्हायचा.

ड्रोनच्या चित्रपटाचं बी पडलं ते त्याच्या शेजारच्या इमारतीतल्या सायलीमुळे. खराडीच्या कुठल्याशा कंपनीत नोकरी लागली म्हणून ती पेढे घेऊन आली होती, मीही तिथेच होतो. दिनकरनं विचारलं, काम काय करतेस? "काका, दिवसभर माणसांना बॉक्स मारते," ती म्हणाली. आकाशातून घेतलेले व्हिडिओ पडद्यावर येतात. त्यात दिसणाऱ्या प्रत्येक ठिपक्याभोवती चौकोन काढायचा आणि प्रौढ, मूल, गाडी की जनावर ते निवडायचं. यंत्राला माणूस ओळखायला शिकवायचं, ते काम. कुठला देश? माहीत नाही. कशासाठी? "क्लायंट सांगत नाही ना. शेतीसाठी असेल, ट्रॅफिकसाठी असेल… किंवा नसेलही." मग जरा थांबून म्हणाली, "काल एक जण वाकून काहीतरी उचलत होता. मोठा आहे का लहान, कळेचना. पण 'माहीत नाही' असं बटणच नाहीये, काका. मी ॲडल्ट टाकलं आणि नेक्स्ट केलं." दिनकरच्या हातातला पेढा तसाच राहिला. ती गेल्यावर तो म्हणाला, "आमचे आण्णा उजव्या हातानं ठोका मारायचे तेव्हा भांडं डाव्या हातात असायचं. ठोका किती बसला ते त्यांना डाव्या हातात कळायचं. ह्या लढाईत डावा हातच नाही रे."

नंतरचं वर्षभर त्याला दुसरं काही सुचलं नाही. पुण्यात निवृत्त लष्करी अधिकाऱ्यांना तोटा नाही. त्यातले एक बोलायला तयार झाले. शांत, नीटनेटके गृहस्थ. ते म्हणाले, "आपण सगळे बटण दाबणाऱ्याला राक्षस समजता. अहो, त्याला जेवढं दाखवलं जातं तेवढंच तो पाहतो. तासन् तासांच्या चित्रणातून कोणीतरी आधी निवडलेलं असतं, कोणीतरी गाळलेलं असतं. त्या निवडणाऱ्याला विचारा की कधीतरी." परतताना स्कूटरवर दिनकर मागे वळून ओरडला, "ऐकलंस ना शिऱ्या? म्हणजे दोषी तू!" आणि मी हसलो. चांगला खळखळून हसलो होतो, ते मला नीट आठवतं.

त्यानं जे ठरवलं ते असं. पुण्याजवळच्या एका गावातलं एक घर पाच आठवडे वरून बघायचं, त्या घरातल्यांना न सांगता. ते चित्रण एका बंद खोलीत शहरातल्या साध्या माणसांना दाखवायचं… निवृत्त शिक्षिका, बँकवाले, कॉलेजातली मुलं. त्यांना सांगायचं की हे सीमेपलीकडचं घर आहे, इथे एक संशयित आहे असं कळलंय. समोर दोन बटणं आहेत, सोडायचं की मारायचं. 'माहीत नाही'चं बटण ठेवायचं नाही. आणि शेवटी त्या घरी जाऊन, नेहमीसारखी अंगणात चादर बांधून, सगळं त्यांना दाखवायचं. ते दाखवणं हाच चित्रपटाचा शेवट. घरातली माणसं आपल्या रोजच्या उठण्याबसण्याला शहरातल्या सुशिक्षितांनी काय समजलं ते बघून हसतील, आणि त्या हसण्यावर चित्रपट संपेल, असं त्याच्या डोक्यात होतं. न विचारता बघायचं हे त्याला टोचत होतंच. पण आधी विचारलं तर ज्याच्याविषयी चित्रपट करायचा तीच गोष्ट हातातून निसटते, असं तो म्हणायचा. वसुधावहिनींनी एका वाक्यात निकाल लावला होता. "दुसऱ्याच्या घरात डोकवायचं आणि त्याला नीतिमत्तेचा शोध म्हणायचं… छान आहे!" त्या वेळी ऐकलं असतं तर… पण आम्ही दोघंही त्या कल्पनेच्या प्रेमात होतो.

ड्रोन उडवायला जागा शोधणं सोपं नव्हतं. एकीकडे विमानतळ, दुसरीकडे खडकवासल्याची लष्करी प्रबोधिनी. परवानगीच्या नकाशावर लाल-पिवळ्याच्या मध्ये हिरवा तुकडा हुडकावा लागतो. तो मिळाला त्या गावाचं नाव मी लिहिणार नाही. तिथे जमिनीचं प्लॉटिंग चालू होतं, त्यामुळे आकाशात ड्रोन घोंघावला तरी कोणी मान वर करत नसे. बिल्डरचं शूटिंग असेल म्हणून आपापल्या कामाला लागत. आम्ही निवडलेल्या घरात एक साठीचे गृहस्थ, त्यांची बायको आणि लग्नाची मुलगी अशी तीन माणसं दिसत होती. त्या गृहस्थांना मी इथे तात्या म्हणतो. घरामागे पत्र्याची एक शेड होती. तात्या रोज दुपारी चारच्या सुमाराला फडक्यानं झाकलेलं काहीतरी घेऊन शेडमध्ये जात, अर्ध्या तासानं रिकाम्या हातांनी बाहेर येत आणि दाराला कडी घालत.

दिनकरची एक सवय होती, चित्रीकरण चालू असताना तो पडद्याकडे बघायचा नाही. तो लांब एखाद्या बांधावर बसून राहायचा. सगळं चित्रण धायरीला माझ्याकडे यायचं, मी ते बघायचो, वहीत नोंद करायचो आणि कामाचं तेवढं त्याला दाखवायचो. चाळीस वर्षं हेच चालत आलं होतं. बॅटरी संपत आली की ड्रोन परत फिरतो. अशा परतीच्या चित्रणात सहसा काही नसतं. चौथ्या आठवड्यातल्या एका परतीच्या तुकड्यात होतं. तात्या शेडमधून एका माणसाला दंडाला धरून बाहेर आणतात, उन्हात बाजेवर बसवतात. तो माणूस मान वर करतो, डोळ्यांवर हात धरतो आणि सरळ आमच्याकडे बघतो. अकरा सेकंद. मग चित्र वळतं आणि नुसती शेतं दिसतात. मी ते दोनदा पाहिलं. शेडमध्ये कोणीतरी राहतं, आजारी असावं, आणि तात्या त्याला जेवण नेतात, हे कळायला तिसऱ्यांदा बघायची गरज नव्हती. पण तो तुकडा ठेवला असता तर सगळं रहस्यच संपलं असतं. कोणी बटण दाबलंच नसतं. मी वहीत लिहिलं, 'बॅटरी लो, परत. निरुपयोगी.' दिनकरला दाखवलं नाही, पण तुकडा पुसलाही नाही. वही आजही माझ्याकडे आहे, अक्षर चांगलं वळणदार आहे.

पुढे मी आणखी कारागिरी केली. तीन वेगवेगळ्या दिवशी चार वाजता तात्या शेडमध्ये गेले होते. ते मी असं जोडलं की एकाच दिवशी तीनदा काहीतरी आत नेलं असं वाटावं. फडक्याखालून ताट उन्हात क्षणभर चमकायचं, तिथे मी चित्र किंचित थांबवलं. बंद खोलीत बसलेल्या बहुतेकांनी 'मारा'चं बटण दाबलं. एक बाई तर दाबून झाल्यावर पर्समधून रुमाल काढून बोट पुसत होत्या. दिनकर मात्र त्यांच्याकडे बघत नव्हता, माझ्याकडे बघत होता. म्हणाला, "फार छान जमलंय, शिऱ्या. भीती वाटावी इतकं." त्यावर मी आभार मानले!

आणि मग ती संध्याकाळ. दिवेलागणीला आम्ही त्या घरी गेलो. दिनकरनं आदल्या दिवशी जाऊन तात्यांना सांगितलं होतं की तुमच्या गावाचं चित्रण केलंय, ते दाखवायचं आहे. तात्यांनी बिचाऱ्यांनी खुर्च्या मांडल्या होत्या, मुलीनं चहा केला होता, शेजारची दहा-पंधरा माणसं नेहमीप्रमाणे जमली होती. कोपऱ्यात घेऊन दिनकरला सांगावं, असं दोनदा मनात आलं… पण तो इतका आनंदात होता, आणि मग ते मी आधी का सांगितलं नाही हेही सांगावं लागलं असतं. मी गप्प बसलो. चादरीवर घर उमटलं तसे सगळे खूश झाले, आमची विहीर, आमचा गोठा, असं चाललं होतं. मग तात्या शेडकडे जाताना दिसले. एकदा, दोनदा, तीनदा. दिनकर उभा राहिला आणि हसत म्हणाला, "तात्या, पुण्याच्या शहाण्यांनी तुम्हाला अतिरेकी ठरवलंय बरं का! आता तुम्हीच सांगा, रोज चार वाजता काय नेता तिकडे?"

मागून एक म्हातारी म्हणाली, "आगं, ताट हाय की त्ये. शेडात ताट कुनाला?" सगळे एकदम गप्प झाले. आणि त्या शांततेत, कदाचित एवढ्या माणसांचा आवाज ऐकून असेल, मागच्या शेडमध्ये आतून पत्र्यावर थाप पडली. मग दुसरी. तात्यांची बायको पदर तोंडाला लावून आत गेली. तात्या उठले, प्रोजेक्टरसमोरून चालत गेले, त्यांची मोठी काळी सावली चादरीवर पडली, आणि ते शेडमध्ये जाऊन आतून दार लावून बसले. माणसं एकेक करून उठली. दिनकर चादर सोडवायला गेला तेव्हा दुसरी दोन टोकं धरायला कोणी नव्हतं. मी पुढे झालो नाही. त्यानं तिचा बोळा केला आणि काखेत मारला.

आत होता तो तात्यांचा थोरला मुलगा, दत्तू. ह्या लेखातल्या त्या घराच्या माणसांत हे एकच नाव खरं आहे; का, ते पुढे येईल. विशीत असताना त्याचं डोकं बिघडलं. गावाला सांगितलं होतं की तो मुंबईला असतो. शेजाऱ्यांना थोडंफार ठाऊक असणारच. पण ठाऊक असणं वेगळं आणि चादरीवर चारचौघांत दिसणं वेगळं. धाकटीचं लग्न ठरत आलं होतं, ते आठ दिवसांत मोडलं. मग भावकीनं ठरवलं की दत्तूला कुठल्यातरी संस्थेत ठेवायचा. तात्यांचं काही चाललं नाही. तो तात्यांखेरीज कोणाच्या हातचं जेवत नसे. चार महिन्यांत गेला.

त्याच्या जाण्याची बातमी आम्हाला ड्रोन उडवणाऱ्या गृहस्थांकडून कळली. दिनकरनं मला फोन करून एवढंच सांगितलं की चित्रपट थांबला. कारण मी विचारलं नाही. त्यानंतर भेटला तेव्हा म्हणाला, "मला वाटायचं दाखवलं की माणूस सुटतो. दाखवूनच मारलं मी त्याला. तो आत आहे हे ठाऊक असतं तर आधी एकटा गेलो नसतो का, शिऱ्या? एखादं चित्र जरी असतं…" मी चहाच्या कपात बघत राहिलो. त्या क्षणी बोललो असतो तर त्यानं मला दोन शिव्या घातल्या असत्या, कदाचित पुन्हा तोंड बघितलं नसतं; पण ते ओझं तरी योग्य माणसाच्या डोक्यावर गेलं असतं. मी म्हणालो, "तुला कसं कळणार होतं?" इतकं खोटं मी आयुष्यात पडद्यावरही जोडलेलं नाही.

दर गुरुवारी दिनकर त्या गावाला जाऊ लागला. एसटीनं जायचा, तात्यांच्या फाटकासमोरच्या चिंचेखाली तासभर बसायचा आणि परत यायचा. पहिल्या दिवशी नाव-पत्त्याची चिठ्ठी फाटकाशी दगडाखाली ठेवून आला होता. तात्यांनी कधी फाटक उघडलं नाही. दोन वर्षं. प्रकृती उतरत चालली होती, वहिनी कळवळून सांगायच्या की आता पुरे, तो म्हणायचा, "ते दार उघडायला हवं असं नाही. मी तिथं दिसायला हवा." मी एकदाही त्याच्याबरोबर गेलो नाही.

दिनकर गेल्यानंतर तिसऱ्या आठवड्यात मी कसब्यातल्या घरी कागदपत्रं लावायला गेलो होतो. दारात पांढरी टोपी घातलेले एक गृहस्थ हातात चिठ्ठी घेऊन उभे होते. मी ओळखलं, त्यांनी मला ओळखलं नाही. "करडे साहेब हितंच ऱ्हात्यात का वो?" त्यांनी विचारलं. "दोन गुरवार झालं, आलं न्हाईत. म्हनलं आजारी-बिजारी हायेत का काय." वहिनींनी त्यांना आत बसवलं आणि सांगितलं. तात्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. मग म्हणाले, "दोन वर्सं चिचंखाली बसायचं. उन्हाचं बी. म्या कधी पानी इचारलं न्हाई." वहिनींनी त्यांच्यापुढे पाणी ठेवलं, ते त्यांनी घेतलं नाही. जायला उठले तेव्हा अडखळत म्हणाले की एक विचारायचं होतं, ते साहेबांनाच विचारणार होतो. "एक दिस पोराला उनात बसीवला हुता. वर तुमचं त्ये घोंगावत हुतं. त्यानं वर बघितलं. त्येवढं आलंय का तुमच्या पिच्चरमदी? घरात फोटू न्हाई त्याचा. संस्थेच्या कागदावर हाय एक, पर त्यात डोकं भादरल्यालं हाय. त्यो आमचा दत्तू न्हाई वाटत."

मी म्हणालो, "आलंय." वहिनी माझ्याकडे बघत राहिल्या. त्यांनीही चित्रपट पाहिला होता, त्यात असं काही नव्हतं.

पुढच्या गुरुवारी मी गेलो. लॅपटॉप, प्रोजेक्टर आणि वहिनींनी कपाटातून काढून दिलेली चादर घेऊन. तात्या म्हणाले, शेडमध्येच लावा. दार लावलं की दुपारीही तिथे अंधार होतो. आत अजून बाज होती, खुंटीला एक सदरा होता. हळदीचा डाग खाली डावीकडे येईल अशी मी चादर बांधली. आम्ही दोघंच होतो. अकरा सेकंद… दत्तू उन्हात आला, बसला, त्यानं डोळ्यांवर हात धरला आणि वर बघितलं. तात्या म्हणाले, "परत लावा." किती वेळा लावलं ते मी मोजलं नाही. मध्येच कधीतरी ते म्हणाले, "साहेबांनी जपून ठिवलं म्हनायचं."

तेव्हा मी सांगितलं. साहेबांनी हे कधी पाहिलंच नव्हतं. मी पाहिलं होतं, मी काढून टाकलं होतं, आणि त्यांना कधीच सांगितलं नाही. चादरीवर दत्तू हात धरून थांबला होता. तात्यांना समजायला थोडा वेळ लागला. "म्हंजी आत कोन हाय त्ये त्यास्नी म्हाईतच न्हवतं?" नाही, मी म्हणालो. "आन् म्या त्यास्नी दोन वर्सं भाईर बसीवला…" मी मान खाली घालून उभा होतो. मारलं असतं तरी चाललं असतं. त्यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही, फक्त म्हणाले, "लावा परत."

हा लेख छापायला देण्याआधी मी तो तात्यांना वाचून दाखवला, त्याच शेडमध्ये, बाजेवर बसून. त्यात मी सगळ्यांची नावं बदलली होती. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बाकीची ऱ्हाऊ द्या. त्याचं बदलू नगा. कवा कुटं छापून आलंय त्याचं नाव?" दुसरी काही दुरुस्ती त्यांनी सांगितली नाही. मला क्षमा केली असंही काही ते बोलले नाहीत, आणि मी ती मागितली नाही. चित्रपट कोणाला दाखवला जाणार नाही. ते अकरा सेकंद तात्यांच्या फोनमध्ये आहेत, त्यांचेच आहेत.

त्या दिवशीही तात्यांना आधी एकदा दत्तूला चादरीवर बघायचं होतं, म्हणून मी चादर बांधलीच होती. निघताना मी ती एकट्यानंच गोळा करायला लागलो. चाळीस वर्षं मी हे काम लांबून बघितलं होतं, कधी केलं नव्हतं, त्यामुळे एक टोक सारखं जमिनीला लागत होतं. तात्या थोडा वेळ बघत उभे राहिले. मग काठी पत्र्याला टेकवून ठेवली, पुढे आले आणि दुसरी दोन टोकं धरली.